पाऱ्याची वाफ आणि गंधक मुरवलेला कोळसा: दवाखाना, शाळा आणि सोनाराच्या कामाच्या खोलीसाठी

खसखशीच्या दाण्याच्या निम्म्या आकाराचा पाऱ्याचा थेंब वजनाला साधारण एक मिलिग्रॅम भरतो. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. हा एवढासा थेंब पूर्ण उडाला आणि वाफ खोलीतच राहिली, तर दर घनमीटरला ०.०२९ मिलिग्रॅम पारा झाला. कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीसाठी सर्रास वापरली जाणारी मर्यादा ०.०२५ आहे. म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा एक थेंब मर्यादा ओलांडायला पुरतो. फुटलेल्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो आणि जुन्या उभ्या काचनळीच्या बीपी यंत्रात तो शंभर ग्रॅमच्या आसपास जातो.

विदर्भातल्या गावांत हा पारा कुठे सापडतो? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बंद पडलेली बीपी यंत्रं असतात. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत वायुदाबमापक आणि पाऱ्याची बाटली असते. सराफा ओळीत झाडलोट धुऊन त्यातलं सोनं पाऱ्यात धरणाऱ्या झारेकऱ्यांचं आणि काही सोनारांचं काम चालतं. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्याचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला आणि तेव्हापासून पाऱ्याची उपकरणं हळूहळू बाद होत आहेत. पण बाद झालेलं यंत्र गावातून जात नाही, ते कपाटात जातं. आणि ते कपाट बहुतेक वेळा पश्चिमेच्या भिंतीला असतं.

पश्चिमेच्या भिंतीचा उल्लेख उगाच नाही, ती दुपारच्या उन्हाने तापते आणि गरमीने वाफ वाढते. उघड्या पाऱ्यावरची हवा पूर्ण भरली तर २० अंशांना तिच्यात घनमीटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम पारा मावतो, ३० अंशांना ३०, आणि ४५ अंशांना ९० च्या जवळ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. परदेशी पुस्तकातला '२० अंश, कोरडी हवा' हा हिशोब आपल्याकडे दोनदा मोडतो, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. पुढचं सगळं हे धरूनच वाचा.

आधी जमिनीवरचा पारा, मग हवेतला

फिल्टर, म्हणजे खोलीतली हवा गंधक मुरवलेल्या कोळशातून ओढणारी पेटी, हा तिसरा उपाय आहे. पहिला उपाय पारा उचलणं, दुसरा खिडकी. हे दोन्ही टाळून कोळशाची पेटी बसवली तर पेटी जन्मभर चालते आणि खोली जन्मभर दूषित राहते, कारण जमिनीवरचा थेंब पेटी काढेल तेवढी वाफ परत देत राहतो.

पारा सांडला की गरोदर बाई, लहान मुलं आणि ज्यांचं काम नाही ती माणसं बाहेर काढा. बाहेर उघडणारी खिडकी उघडा, घराच्या आत उघडणारं दार बंद करा. छताचा पंखा बंद. आणि कूलर आधी बंद! वाळ्याच्या तट्ट्यांचा कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. त्यामुळे खोलीत दाब वाढतो आणि पाऱ्याची वाफ दाराच्या फटीतून ओटीवर, माजघरात, पुढच्या वॉर्डात जाते. शिवाय तो हवा दमट करतो. कोळशाचं त्याने काय होतं ते पुढे येईलच.

हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा. पारा सोन्याला लागला की ते पांढरं पडतं आणि ठिसूळ होतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा फिरवा, म्हणजे थेंब चांदण्यांसारखे चमकतात. पत्त्यांच्या दोन पानांनी ते एकमेकांत ढकलून मोठा थेंब करा आणि सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्या. बारीक कण चिकटपट्टीने टिपा. गोळा केलेला पारा जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत टाका, वर दोन बोटं पाणी ठेवा. पारा तळाशी बसतो आणि पाण्याच्या थरामुळे वाफ कितीतरी कमी निघते. केरसुणी चालत नाही, कारण ती एका थेंबाचे शंभर करते. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, कारण तो पारा गरम करून हवेतच उडवतो.

शहाबादी फरशी असेल तर सांधे बघा, लाकडी टेबल असेल तर भेगा. सारवलेल्या जमिनीचं काम वेगळं आहे. शेणामातीच्या थरात पारा उतरतो आणि वरून सारवलं की दिसेनासा होतो, जात नाही. सांडलेल्या जागेभोवती हातभर रुंदीत वरचा दोन सेंटीमीटर थर खुरप्याने खरवडून जाड पिशवीत भरा आणि मगच नव्याने सारवा.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं फवारणीचं ८० टक्के गंधक भुरभुरलं की काम झालं, असा समज बराच आहे. गंधक आणि पारा यांचं लग्न लागतं हे खरं, पण थंडपणे आणि फक्त पृष्ठभागावर. थेंबावर काळपट साय धरते, आतला पारा तसाच राहतो, पाय लागला की साय फाटते आणि वाफ पुन्हा सुरू. भेगेत हात पोहोचत नसेल तिथे गंधक टाका, दुसऱ्या दिवशी भेग कोरून काढा. एवढाच त्याचा उपयोग.

घरात एक थर्मामीटर फुटला असेल, पारा नीट उचलला असेल आणि खिडकी उघडी ठेवून खोली दोन-तीन दिवस हवेशीर ठेवली असेल, तर कोळशाची गरजच नाही. इथून पुढचं त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे पाऱ्याचा स्रोत कायम आहे: साठवणीचं कपाट, यंत्रदुरुस्तीची खोली, जुनी प्रयोगशाळा, सोनाराचं काम.

साधा कोळसा का चालत नाही

स्पंज पाणी पोटात घेतो, त्याला शोषण म्हणतात. कोळशाच्या बाबतीत वायूचे कण त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या भिंतीला चिकटतात, ते अधिशोषण. एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशाच्या आतल्या भिंती पसरल्या तर हजार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे पाव एकराएवढी जागा होते. त्यामुळे वाटतं की हा कोळसा काहीही धरेल.

पाऱ्याला तो धरतो, पण सैल. गरमी वाढली की पकड सुटते. जानेवारीत साध्या कोळशाने धरलेला पारा मेच्या दुपारी तोच कोळसा खोलीत परत सोडतो. पावसाळ्यात छिद्रांमध्ये पाणी बसतं आणि पाऱ्याला जागा उरत नाही. साधा कोळसा पारा उसना ठेवून घेतो असं म्हटलं तरी चालेल, आणि उसनं परत मागायला आपल्याकडचा उन्हाळा दरवर्षी येतो.

म्हणून कोळशात आधीच गंधक मुरवतात. कारखान्यात कोळसा आणि गंधक बंद भट्टीत तापवून गंधक छिद्रांच्या भिंतींवर पातळ बसवतात. बाजारातल्या मालात गंधक वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या घरात असतं. पारा आत आला की त्याचा मर्क्युरिक सल्फाइड होतो, काळा, स्थिर, आपल्या हवामानात न उडणारा. थेंबावर साय धरून अडणारं गंधक इथे अडत नाही, कारण ते अफाट पृष्ठभागावर पसरलेलं असतं आणि पारा वाफ होऊन, सुटा सुटा येतो.

हा माल घरी बनवायचा प्रयत्न करू नका. कढईत कोळसा-गंधक भाजलं तर निम्मं गंधक जळून डोळे-छाती चुरचुरवणारा सल्फर डायऑक्साइड होतो, उरलेलं छिद्रांच्या तोंडावर गोठून आतला रस्ता बंद करतं, आणि मिश्रण पेट घेतं ते वेगळंच.

दुसरे पर्यायही आहेत. आयोडाइड मुरवलेला कोळसा वाफ पटकन धरतो, पण ओल आली की आयोडाइड विरघळून सरकतं, म्हणून आपल्या पावसाळ्याला तो मानवत नाही. चांदी बसवलेला झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज) उत्तम, पण महाग, आणि तो नैसर्गिक वायूच्या कारखान्यांचा माल आहे. ब्रोमिन लावलेली कोळशाची पूड वीजकेंद्रांच्या धुरात फवारायला वापरतात. कोळशावरच्या वीजकेंद्रांना डिसेंबर २०१५ च्या नियमाने धुरातल्या पाऱ्याची घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा लागू झाली, तिथली ही गोष्ट. खोलीसाठी पूड कामाची नाही, ती पंख्यातून उडून जाईल.

भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधला तुसाचा काळा कोळसा फुकट मिळतो, बाभळीचा लोहाराकडे मिळतो. दोन्ही या कामाला निरुपयोगी. तुसाच्या कोळशात सिलिकाची राख फार, बाभळीचा कोळसा सक्रिय केलेलाच नसतो, आणि गंधक दोन्हीत नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा कठीण असतो, त्याची पूड कमी होते आणि छिद्रं बारीक असतात. मागवताना आधार करवंटीचाच मागा.

माल घेताना

विक्रेत्याकडून कागदावर पाच आकडे घ्या: गंधकाचं प्रमाण, दाण्याचा आकार, घनता, ओलावा आणि राख. दाणा ४ × ८ मेश, म्हणजे २.४ ते ४.७ मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्याएवढा. यापेक्षा बारीक घेतला तर हवेला अडथळा वाढतो, जाड घेतला तर वाफ मधल्या पोकळीतून निसटते. ओलावा ५ टक्क्यांच्या आत हवा.

पोतं आल्यावर दोन गोष्टी घरीच बघता येतात. एक लिटरच्या मापाने दाणे न दाबता भरा आणि वजन करा. साधा करवंटीचा कोळसा लिटरला साधारण ४८० ते ५२० ग्रॅम भरतो, गंधक मुरवलेला ५५० ते ६०० च्या आसपास. वजन साध्याइतकंच आलं तर शंका घ्या. मग उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, नव्या मालाचा चिमूटभर नमुना लोखंडी पळीत तापवा. निळसर ज्योत आणि फटाक्यांसारखा उग्र वास आला तर गंधक आहे. ही चाचणी फक्त कोऱ्या मालाची. वापरलेला कोळसा कधीच तापवायचा नाही.

सगळ्यात सोपं: कपाटातला ट्रे

बहुतेक आरोग्य केंद्रांना आणि शाळांना एवढंच पुरतं. नीट बसणाऱ्या दारांचं कपाट घ्या. यंत्रं आणि बाटल्या जाड प्लास्टिकच्या टबात उभ्या ठेवा, म्हणजे गळालेला पारा टबातच राहील. बीपी यंत्र बहुधा तळाच्या पाऱ्याच्या डबीच्या वॉशरमधून गळतं, तिकडे आधी बघा आणि प्रत्येक यंत्र वेगळ्या पिशवीत बांधा. कपाटाच्या खालच्या आणि मधल्या फळीवर उथळ प्लास्टिक ट्रे ठेवून प्रत्येकात गंधक-कोळशाचा दीड-दोन सेंटीमीटरचा थर पसरा. साध्या गोदरेज आकाराच्या कपाटाला दीड ते दोन किलो पुरतो. थर जाड करून फायदा नाही, कारण पंखा नसताना वाफ वरच्या पदरापर्यंतच पोहोचते. ॲल्युमिनियमचा ट्रे नको, थेंब पडला तर पारा ॲल्युमिनियम कुरतडतो.

कपाट उघडायच्या आधी खिडकी उघडा. लसी, औषधं, शाळेचा पोषण आहार यातलं काहीही त्या कपाटात नाही, आणि शक्य असेल तर त्या खोलीतही नाही.

खोलीसाठी पेटी

३४ घनमीटरच्या खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलायची तर ताशी २०० घनमीटरचा प्रवाह लागतो. ६० × ६० सेंटीमीटरच्या आडव्या थरातून ही हवा नेली तर वेग सेकंदाला १५ सेंटीमीटर येतो. थर १० सेंटीमीटर जाड ठेवला तर ३६ लिटर, म्हणजे साधारण २० किलो कोळसा बसतो आणि हवा त्यात पाऊण सेकंदापेक्षा थोडी कमी राहते. खोलीतल्या विरळ वाफेसाठी एवढा वेळ योग्य. थर ५ सेंटीमीटर करून पैसे वाचवू नका. पातळ थरात एक पोकळ जागा सुद्धा सगळं वाया घालवते.

सामान असं लागेल:
— पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी पत्र्याची पेटी, वरचं झाकण नट-बोल्टचं, कडेला रबरी गास्केट
— स्टेनलेस स्टीलची जाळी, १२ मेश, खालून पट्ट्यांचा आधार दिलेली
— जाड धुळीची गादी आणि तिच्यामागे बारीक धुळीचा फिल्टर, दोन्ही बदलता येतील असे
— ६ इंची पीव्हीसी पाइप आणि ६ इंची सेंट्रिफ्युगल डक्ट फॅन, बंद तोंडावर किमान २५० पास्कल दाब देणारा
— दोन्ही तोंडांना घट्ट झाकणं
— मिस्त्री वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप, दोन मीटर

स्वयंपाकघरातला पात्याचा एक्झॉस्ट फॅन इथे चालत नाही. तो मोकळी हवा भरपूर फेकतो, पण कोळशाचा अडथळा आला की नुसता गरगरतो. धुळीचे फिल्टर आणि कोळसा मिळून १०० पास्कलच्या आसपास अडथळा धरा.

हवा वरून आत, कोळशातून खाली, मग पंखा, मग बाहेर. खालून वर हवा नेली तर दाणे हलतात आणि वाटा पडतात. पंखा शेवटी ठेवायचं कारण असं, की पेटी ओढीखाली राहते आणि एखादा सांधा सुटला तर बाहेरची हवा आत जाते, आतली वाफ बाहेर येत नाही. हवा ओढायचा पाइप जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा. पाऱ्याची वाफ जड असल्यामुळे खाली साचते, असं सांगतात, ते पूर्ण खरं नाही. इतक्या विरळ वाफेने हवा जड होत नाही. पण स्रोत जमिनीवर असतो आणि हवा स्थिर असते, म्हणून खालीच जास्त सापडते. रांगणाऱ्या मुलाला धोका जास्त तो यामुळेच.

बाहेर सोडायचा पाइप छपराच्या वर न्या. उन्हाळ्यात लोक अंगणात आणि गच्चीवर झोपतात, पाइपाचं तोंड त्या बाजूला नको. साफ केलेली हवा खोलीतच परत फिरवायचा मोह होतो, विशेषतः थंडीत. फिल्टर निकामी झाल्याचं कळायला आपल्याकडे यंत्र नसतं, म्हणून बाहेरच सोडा.

भरताना घाई करू नका, पेटीचं नशीब इथेच ठरतं. दाणे आधी चाळणीने उघड्यावर चाळून पूड काढा, एन-९५ लावून. जाळीवर तीन सेंटीमीटरचा थर ओता, पेटीला रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोका, सरळ पट्टीने सपाट करा, मग पुढचा थर. एकदम ओतलं तर मध्ये ढीग, कडेला खोलगट आणि जाड दाणे घरंगळून भिंतीला. हवा आळशी असते, ती भिंतीलगतची सैल वाट बरोबर शोधते. यासाठी पेटीच्या आतून, थराच्या मध्यावर, चारी भिंतींना एक इंच रुंद पट्टी आडवी वेल्ड करून घ्या, म्हणजे भिंतीने सरकणारी हवा परत कोळशात वळते.

काही जण जागा वाचवायला थर उभा करतात, दोन जाळ्यांमध्ये कोळसा भरून. महिन्याभरात पंख्याच्या थरथरीने दाणे बसतात आणि वरच्या कडेला बोटभर फट पडते. बाहेरून काही दिसत नाही, पंखा चालू असतो, आवाज नेहमीचा असतो आणि जवळजवळ सगळी हवा त्या फटीतून जाते. या कामात सर्वाधिक आढळणारी चूक हीच. आडवा थर बसला तरी फक्त थोडा पातळ होतो.

शेवटी पंखा लावून पेटीच्या प्रत्येक सांध्याजवळ अगरबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला तिथे गळती आहे.

पेटी चालते का, कसं कळेल

लेव्हल पाइपचा इंग्रजी यू सारखा आकार करून रंगीत पाण्याने अर्धा भरा. एक टोक पेटीत कोळशाखालच्या भागात, दुसरं खोलीत मोकळं. पंखा चालू केल्यावर दोन पातळ्यांतला फरक मोजा. १ मिलिमीटर म्हणजे साधारण १० पास्कल, नव्या पेटीत ५ ते १२ मिलिमीटर दिसायला हवा. फरक बारीक वाटत असेल तर दोन्ही बाजू पाच सेंटीमीटरला एक सेंटीमीटर चढ देऊन सारख्याच तिरप्या बांधा, तेवढाच फरक त्यांच्यावर पाचपट लांब दिसतो. पहिल्या दिवसाचा आकडा पेटीवर रंगाने लिहा. दुप्पट झाला तर धुळीचे फिल्टर बदला. जिनिंगच्या हंगामात कापसाचा तंतू आणि उन्हाळ्यात काळ्या मातीचा धुरळा, दोन्ही गादी लवकर भरतात. आकडा अचानक खाली आला तर आनंद मानू नका, कोळशात वाट पडली आहे किंवा गादी फाटली आहे.

पाऱ्याची प्रत्यक्ष चाचणी हातपंपाच्या काचनळीने होते. पाऱ्यासाठीच्या नळीतला पिवळट थर पारा लागला की फिकट नारिंगी होतो. अशा नळ्या घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपासपासून दाखवतात, म्हणजे नळी कोरी राहिली तरी हवा ०.०२५ च्या खाली आहे असं ठरत नाही. पेटीत शिरणारी आणि पेटीतून निघणारी, अशा दोन्ही हवा भर दुपारी, खोली सर्वांत गरम असताना तपासा. सकाळी सातला घेतलेला चांगला आकडा दुपारी टिकत नाही.

कोळसा पाऱ्याने भरेल ही काळजी मात्र करू नका. हिशोब बघा: खोलीत ०.०५ मिलिग्रॅम असेल, पेटी दिवसाला आठ तास चालली, तर रोज ८० मिलिग्रॅम पारा अडतो. २० किलो कोळशाने वजनाच्या फक्त दहावा हिस्सा धरला तरी दोन किलो झाला. त्याला कित्येक दशकं लागतील. पेटी मरते ती धुळीने, ओलीने, वाटा पडल्याने आणि दुसऱ्या वासांनी. रंगाचं थिनर, सर्जिकल स्पिरिट, पेट्रोल, फिनेल, सगळं कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसतं. त्या खोलीत रंगकाम असेल तेव्हा पेटी बंद करून तोंडं झाका.

पावसाळ्यात हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते तेव्हा अहोरात्र पेटी चालवू नका. दुपारी कोरड्या वेळी चालवा, पंखा बंद केल्याबरोबर दोन्ही झाकणं लावा. लाइट गेली तरी झाकणं लावायची, कारण उघड्या पाइपातून ओली हवा आत शिरते. लाइट आल्यावर पेटी अर्धा तास चालवून मग खोलीत कामाला बसा. स्रोत बंद असेल तर तासाला सहा बदलांच्या हिशोबाने तेवढ्यात वाफ विसाव्या हिश्श्यावर येते.

कोळसा-गंधकाचं तापमान साठ अंशांच्या आत ठेवा. पेटी पत्र्याच्या छपराला टेकवू नका, बिडी-चूल जवळ नको.

सोनारकामासाठी वेगळी सूचना

पाऱ्यात धरलेलं सोनं उघड्या आचेवर तापवून पारा उडवणं या सगळ्यात घातक. तिथे वाफ खोलीतल्या विरळ वाफेच्या हजारो पट असते. काही तासांत खोकला, ताप, छातीत जखडणं असा त्रास होतो, आणि जीवही जाऊ शकतो. कोळशाची पेटी अशा गरम वाफेसमोर ठेवणं म्हणजे पुराला गोणपाट लावणं. आधी बंद लोखंडी रिटॉर्ट, म्हणजे वाफ नळीतून बाहेर काढणारं झाकणबंद भांडं, त्याची नळी पाण्याने थंड केलेली, पारा बाटलीत परत. नळीचं तोंड पाण्यात बुडवू नका, रिटॉर्ट थंड होताना पाणी आत ओढलं जातं आणि गरम लोखंडात स्फोट होतो. तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, आणि निसटणाऱ्या थंड हवेसाठी पेटी. काम उघड्यावर, वस्तीपासून दूर.

तोंडाला एन-९५ लावून पाऱ्यापासून बचाव होत नाही, तो धुळीसाठी आहे. मास्कला लावायचा पाऱ्यासाठीचा फिल्टरचा डबा वेगळा येतो, युरोपीय पद्धतीच्या डब्यावर लाल आणि पांढरा पट्टा असतो आणि एकूण ५० तासांनंतर तो फेकायचा असतो. तारीख-वेळ डब्यावर लिहीत जा.

उलट बाजूही सांगायला हवी. जस्ताच्या पत्र्याचं वेल्डिंग, शिशाची बॅटरी वितळवणं, यातला धूर वाफ नसून बारीक कण असतात. तिथे गंधक-कोळसा काहीच करत नाही, बारीक कणांचा फिल्टर लागतो.

वापरलेला कोळसा

थर बदलताना कोळशावर पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे पूड उडणार नाही. दुहेरी जाड पिशवीत भरा, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, वर 'पारा: घातक कचरा' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि तारीख टाका. ड्रम सावलीत. हा कोळसा 'उन्हात वाळवून पुन्हा ताजा' होत नाही. चुलीत, शेकोटीत, इस्त्रीत जाऊ देऊ नका. जाळला की गंधकाने धरून ठेवलेला सगळा पारा एका संध्याकाळी हवेत येतो. शेतात, विहिरीजवळच्या खड्ड्यात, शेणखताच्या ढिगात टाकू नका.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली तो अधिकृत ठिकाणीच द्यावा लागतो. विदर्भात असं सामायिक केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. आरोग्य केंद्राने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत, शाळेने मुख्याध्यापकांच्या पत्राने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. एका गावाचे पाच किलो न्यायला गाडी येत नाही, म्हणून तालुक्यातल्या चार-पाच केंद्रांचा माल एकत्र करून एकदाच पाठवा. तोवर ड्रमची चावी एकाच माणसाकडे ठेवा आणि भंगारवाल्याला तो दिसणार नाही अशा जागी ठेवा, कारण बीपी यंत्राची डबी फोडून पारा विकायला घेणारे लोक आठवडी बाजारात भेटतात.